सदर वादनाचा पंचनामा

"उद्या म्हैस कमी देईल, दूध पावशेर कमी येईल," एवढी गोष्टसुद्धा ज्या गिऱ्हाईकाला दूधवाल्याने चिठ्ठीवर लिहून द्यावी लागते, असे गिऱ्हाईक लातुरात एकच आहे. त्यांचे नाव शरणप्पा. आम्ही सर्व त्यांना अण्णा म्हणतो.

"तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं. लेखी द्या," हे त्यांचे ठरलेले वाक्य. भाजीवाली असो की सख्खा मेहुणा, कोणालाही सूट नाही. मेहुणा एकदा निलंग्याची एस.टी. गाठण्याच्या घाईत दारातूनच निरोप सांगून निघाला होता. अण्णांनी त्याला परत बोलावून खुर्चीवर बसवले व हाती कागद दिला. निरोप लिहून होईपर्यंत गाडी गेली. तेव्हापासून मेहुणा सर्वांना सांगतो की, अण्णा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण नोकरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही.

अण्णा एका कार्यालयात आवक-जावक लिपिक होते. वृद्ध कलावंतांच्या मानधनाचे अर्ज त्यांच्याच नोंदवहीत चढत. हलगीवाले, सनईवाले, संबळवाले, सगळ्यांच्या अर्जात कलेच्या रकान्यात एकच शब्द असे, 'वाजवणे'. "पण ह्यांनी स्वतःचं काय रचलं, त्याला रकानाच न्हाई," असे ते म्हणत. निवृत्तीनंतर तो रकाना त्यांनी स्वतःच उघडला, आणि त्यासाठी ते माझ्याकडे आले.

तहसील कचेरीसमोर माझे अर्ज लिहून देण्याचे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले तरी माझ्या मसुद्यात कानामात्रेची चूक निघाली, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. अण्णांच्या वतीने मी कलावंतांना पत्रे लिहू लागलो. मजकूर ठरलेला असे. 'आपण स्वतः रचलेले, लग्नात वा मिरवणुकीत न वाजलेले, चौघांनी खोलीत बसून वाजवण्याजोगे नवे वादन तयार करावे. रचणाऱ्याचे नाव आरंभी मोठ्याने घेतले जाईल.'

आणि कलावंत खरोखर येत. अण्णांच्या पुढच्या खोलीत सतरंजी पडे, समोर आठ-दहा माणसे बसत. अण्णा पलंगाच्या लाकडावर तळहात टेकवून डोळे मिटत. टाळी ते सर्वांच्या नंतर वाजवत. जाणकार माणूस घाई करत नाही, असा माझा समज होता.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक वादनाचा पंचनामा लिहून द्यायचा, अशी त्यांची अट होती. कोणते वाद्य आधी बोलले, कोणते गप्प बसले, कोठे वेग वाढला, सर्व क्रमाने. माझी भाषा त्यांना आवडते म्हणून हा आग्रह आहे, असे मी धरून चाललो होतो. निलंग्याचे रशीदभाई सनईवाले येऊन गेले, तेव्हाचा माझा पंचनामा अण्णांनी तीनदा वाचला. 'शेवटी हलगी थांबली व सनई एकटी राहिली,' या ओळीवर तर त्यांचे बोट बराच वेळ थांबून होते.

त्यानंतर चाकूरच्या गयाबाईंची पाळी आली. उभा जन्म त्यांनी नवऱ्यामागे बसून हलगी वाजवली, पण त्यांनाही स्वतःचे काही सुचत असेल, असे कोणाच्या मनात आले नव्हते. पत्र मिळाल्यावर त्यांनी ते दोघांकडून वाचून घेतले म्हणे, पहिल्यावर विश्वास बसला नाही म्हणून.

त्या दिवशी एक वारसाचा अर्ज अडला होता. मी वादन सुरू झाल्यावर पाच मिनिटांत उठलो. पंचनाम्याचे काय करायचे, याची चिंता नव्हती. आमच्या धंद्यात जुना नमुना समोर ठेवून नाव-गाव बदलण्याची पद्धत आहे. रशीदभाईंचा पंचनामा काढला, नाव बदलले, चार शब्द इकडचे तिकडे केले, सही केली.

चार दिवसांनी त्या पंचनाम्याची प्रत कलावंतास समक्ष देण्यासाठी अण्णा मला घेऊन चाकूरला गेले. गयाबाई चुलीपुढे चहा करीत होत्या. अण्णा कौतुकाने म्हणाले, "बाई, शेवटी तुमची हलगी गप्प झाली अन् सनई एकटी राहिली, ते लई चांगलं केलंत. आपलाच हात आवरायला मन मोठं लागतं."

गयाबाईंचा चहा ओतणारा हात थांबला. पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "अण्णा, सनई तर अर्ध्यातच थांबली होती. शेवटाला मी एकटीच होते."

अण्णा हसऱ्या चेहऱ्याने त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले.

"अण्णा?" त्यांनी पाठमोऱ्याच हाक मारली. काहीच नाही.

तेव्हा मला पलंगावरचा तळहात आठवला, उशिराची टाळी आठवली, आणि 'लेखी द्या'सुद्धा. गयाबाई वळल्या. अण्णांसमोर बसून, ओठ सावकाश हलवत म्हणाल्या, "हाव अण्णा. तुम्हाला आवडलं, भरून पावले." मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना अण्णांकडे पाठ करून म्हणाल्या, "लिवणारे, त्या माणसाला तुमच्या कागदातून ऐकू येऊन राहिलंय. अन् तुम्ही त्यांला दुसऱ्याचंच ऐकवलं."

आयुष्यात माझे कितीही अर्ज फेटाळले गेले तरी मान खाली गेली नव्हती. ती त्या दिवशी गेली.

पुढच्या सोमवारी मी एकटा चाकूरला गेलो. गयाबाईंनी काट्याकुट्यांचा जाळ केला, कातडे ताठ व्हावे म्हणून हलगी शेकली आणि सगळे वादन पहिल्यापासून वाजवून दाखवले. मला न समजलेली जागा पुन्हा वाजवली. त्या म्हणाल्या, "लग्नात हलगी थंड पडू देत न्हाईत. घडीघडी शेकतेत. मी एकदा पडू दिली. थंड होताना ती काय बोलती, ते कुणी ऐकलंच न्हाई."

शुद्धिपत्र मी अण्णांसमोर ठेवले. त्यात आधीच्या चुकीची कबुली होती आणि खाली तीन पाने खरे वादन. ते वाचू लागले. दुसऱ्या पानावर त्यांचे बोट टेबलावर वाजू लागले. 'कातडे सैल पडत गेले, हातातले टिपरू मात्र थांबले नाही,' येथे ठोका मंद झाला. शेवटच्या ओळीवर बोट उचललेले तसेच राहिले.

मग कागदांची घडी घालत ते म्हणाले, "बाईंना विचारा, अजून एक रचतील का."

मी खिडकीकडे पाहत "विचारतो" म्हणालो. मग लक्षात आले. त्यांच्यासमोर वळलो, कागद ओढला आणि ते लेखी दिले.