पान्ह्याचे नऊ मणी

बिराजदार सरांपुढं शेंगदाणे ठेवायचे न्हाईत. खायचे सोडून मांडत बसतात. सहा दाण्यांचं कडं, त्याला तीन दाण्यांचं शेपूट. "हे ऑक्सिटोसिन, दादा. पान्हा आणणारं संप्रेरक. नऊच मणी! आणि ही गंधकाची गाठ सुटली की कडं मोडलं, खेळ खलास. बघा तरी!"

माझ्या पुतण्याच्या सोयरिकीत पोरीच्या बापाला त्यांनी सुपारीच्या खांडांवर हेच समजावलं. तो बिचारा मान हलवून हलवून दमला.

रेणापुरात माझ्या शेजारी ऱ्हातात. जन्मभर कॉलेजात शिकवलं, प्रयोगशाळेत उंदरं पाळली, लग्न तेवढं केलं न्हाई. "हे टोचलं की पिलं न झालेली उंदरीणसुद्धा परकी पिलं कुशीत घेते," हे दर भेटीला सांगतात. मी दर भेटीला "हाव" म्हणतो.

यंदा उन्हाळ्यात माझी बायको गेली. तिची म्हैस चंद्री मला पान्हवेना. सड ओढून बोटं दुखली, थेंब न्हाई. गवळी म्हणला, "सुई टोचा, न्हाई तर बाजार दाखवा." चंद्री गेली असती, तर गोठ्यात मी एकटा काय करणार होतो? सुई आणली.

सर कुंपणावरूनच वरडले, "खबरदार! ते ऑक्सिटोसिन तिच्याच डोक्यात तयार होतं. तिला फक्त ओळखीचं माणूस पाहिजे. वहिनींचं लुगडं आहे का?"

"हाय. पन मी नेसनार न्हाई."

"मी नेसतो. बघा तरी!"

पँटीवर लुगडं, टकलावर पदर, नाकावर चष्मा. सर चंद्रीच्या तोंडापुढं बसून गळ्याखाली खाजवत "ये माय, ये" करू लागले. मला हसूबी आलं, रडूबी आलं. अन् वरून लाथबी मलाच बसली.

सर रोज येत ऱ्हायले. एका सकाळी चंद्रीनं पदर हुंगला, लई येळ हुंगला. सड फुगले. चरवीत धार वाजली.

"सर, पान्हवली!"

मी मान वर केली. पदर घसरला होता, अन् चंद्री त्यांचं टक्कल चाटत होती. खरखरीत जीभ, सोलून निघंल म्हणून मी तिला हाकलाया उठलो.

"असू द्या, दादा," सर म्हणले. डोळे मिटलेले. "आई गेल्यापासून डोक्यावरून कुणी..."

मी चंद्रीचं दावं जरा ढिलं केलं.