मुरघासाचा पंचनामा

आंबेखिंडीत मुरघासाच्या, म्हणजे हिरवा चारा दाबून मुरवायच्या, खड्ड्यावर माणूस जे बोलतो ते चाऱ्यात कोंडलं जातं, आणि पंचेचाळीस दिवसांनी खड्डा उघडला की जसंच्या तसं बाहेर येतं. कारण सरळ आहे. कितीही तुडवलं तरी चाऱ्यातली सगळी हवा निघत नाही, आणि राहिलेल्या हवेत शब्द राहतात. उघडायच्या दिवशी ते शब्द खरे असले तर तो थर पिवळसर, आंबूस-गोड वासाचा निघतो. खोटे ठरले असले तर काळी बुरशी धरते आणि गाय तोंड लावत नाही. बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय होतं, याच्याशी गाईला देणंघेणं नसतं. म्हणून गावात खड्डा मुक्यानं भरतात. फारच गरज पडली तर "पाय सांभाळ" एवढं म्हणतात, कारण त्यात खोटं ठरण्यासारखं काही नाही.

चारा कोणता लावायचा, तेही गावानं याच अंगानं ठरवलेलं. मका सगळ्यात निर्धोक. त्यात फक्त ओरडलेलं टिकतं. हत्तीगवतात सारांश राहतो, तपशील गळून जातो. बारीक पानांच्या शेंगवर्गी चाऱ्यात मात्र कुजबुजसुद्धा स्वच्छ राहते, म्हणून त्याच्या वाटेला कुणी जात नसे.

यामिनी खताळ हॉलंडात कुरणशास्त्र शिकून परत आली, तेव्हा तिला हे सगळं पाठ होतं. तरी तिनं आपल्या हौसाआत्याच्या दोन एकरांत तीन ओळी मारवेल गवत आणि एक ओळ स्टायलो हा बारीक पानांचा शेंगवर्गी चारा, असं मिश्र कुरण पेरलं. स्टायलो हवेतलं नत्र मुळाशी धरतो, शेजारच्या गवताला देतो, युरियाची गरज उरत नाही, हे तिनं दिसेल त्याला थांबवून सांगितलं. कडेच्या पट्ट्याचे चार भाग करून तिनं गाई आठ-आठ दिवस फिरवल्या. चरलेल्या भागाला विश्रांती दिली. आत्या म्हणाली, गवताला सुट्टी मिळते हे बरंय, मला कधी मिळाली नाही. पण गाई दुधाला वाढल्या हे तिनं कबूल केलं. तिनं एकच गोष्ट मागितली, की खड्डा भरताना तोंड मिटून भरायचं.

यामिनीला ते पटलं नाही. चांगलं काम मुक्यानं केलं तर ते पसरणार कसं, असं तिचं म्हणणं. गवत अर्धं फुलोऱ्यावर आल्यावर कापलं. सकाळी आत्यानं माणसं लावून दोन तृतीयांश खड्डा गुपचूप भरून घेतला. दुपारी यामिनीनं उद्‌घाटन ठेवलं होतं. तिनं भरल्या चाऱ्यावर अनवाणी उभं राहून स्टायलोच्या नत्रावर प्रास्ताविक केलं. शेवटी ती म्हणाली, "हे गाव सोडून मी आता कुठंही जाणार नाही." तिचे डोळे भरून आले. त्यातलं अक्षर न्‌ अक्षर तिच्या मनातलं होतं. वर आणखी चारा पडला, आणि त्यावर दूध संस्थेचे चेअरमन बजरंगदादा बावीस मिनिटं बोलले. मग ट्रॅक्टर फिरला आणि वर प्लास्टिकचा कागद ओढला.

एकोणिसाव्या दिवशी हॉलंडच्या प्राध्यापकांची मेल आली. तीन वर्षांचं संशोधन, विषय मिश्र कुरणं, जूनपासून. यामिनीनं अकरा मिनिटांत होकार कळवला आणि कुणाला सांगितलं नाही. मग ती रोज खड्ड्यावरचा कागद दाबून बघू लागली. एकदा तिनं आत्याला सुचवलं की हवा लागली नाही तर मुरघास वर्षभरसुद्धा टिकतो, यंदा उघडायलाच नको. आत्या म्हणाली, कडबा आठ दिवसांचा उरलाय, अकरा गाईंना तू समजावून सांग.

उघडायच्या दिवशी ग्रामसेवक नोंदवही घेऊन आले. नियमानं प्रत्येक थराचा पहिला घास गाईपुढे ठेवतात आणि वहीत नोंद होते. वरचा थर मोकळा केला तसे बजरंगदादा टाळ्यांसकट बाहेर आले. दिवाळीच्या आत गावाला जनावरांचा डॉक्टर, दिवाळीच्या आत चारा गोदाम. दिवाळी होऊन गेली होती आणि थर टोकापासून टोकापर्यंत काळा होता. तांबडी गाय दोन पावलं मागं सरली. दादा समोरच उभे होते. त्यांनी भाषण आदरानं ऐकून घेतलं, आवाज छान आलाय म्हणाले, आणि "न खाल्ले" या नोंदीखाली साक्षीदार म्हणून सही केली.

यामिनीनं ग्रामसेवकांना बाजूला घेऊन विचारलं, खालचा थर नोंदीशिवाय टाकून देता येईल का. तशी तरतूद नाही, असं ते म्हणाले.

तिचा आवाज फारच स्वच्छ आला, स्टायलोच तो. नत्राच्या भागापर्यंत थर पिवळाधमक होता आणि तांबडी मान खाली घालून खात होती. मग ते शेवटचं वाक्य आलं. परातीएवढा काळा डाग होता. तांबडीनं तो हुंगला आणि त्याच्या कडेकडेनं सगळं खाल्लं. ग्रामसेवकांनी "अंशतः खाल्ले" असं लिहिलं.

आत्या खड्ड्यात उतरली, मागोमाग यामिनीही. आत्यानं डाग हातांनी उचलून पाटीत भरला आणि खतासाठी बाजूला ठेवला. अशा खतावर गवत जोरात येतं. गावातलं सगळ्यात हिरवं गवत दूध संस्थेच्या मागच्या अंगाला आहे.

"कधी निघणार?" आत्यानं विचारलं.

"जूनमध्ये."

"मग पुढच्या महिन्यात स्टायलोचं बी झडायला लागेल. खाली कापड अंथरून रोज गोळा कर. येत्या पावसाळ्यात चार एकर पेरणार आहे मी."

"आत्या, तीन वर्षांनी मी नक्की..."

आत्यानं पायाखालच्या चाऱ्याकडे बघितलं. तो उद्‌घाटनाच्या सकाळी भरलेला मुका चारा होता, उन्हाळाभर पुरणारा. "इथं नको, यमे," ती म्हणाली. "वर ये, मग काय ते बोल."

यामिनी वर आली, आणि कापड शोधायला घरात गेली.