सासूबाईंच्या हातचं खमीर

फ्रीज साफ करायचं निरीक्षकांच्या डोक्यात आलं, तिथेच त्यांचे ग्रह फिरले. बायको चार दिवस बहिणीकडे गेली होती, उद्या दुपारी परतणार होती, आणि आपण घरात काहीतरी उपयोगाचं करून दाखवावं अशी त्यांना उबळ आली. लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाने असल्या उबळीला दाद देऊ नये. पण शनिवारची दुपार होती, पेपर दोनदा वाचून झाला होता, आणि सव्वीस वर्षं अन्नतपासणीच्या खात्यात काढलेल्या माणसाला समोरचा फ्रीज तपासल्याशिवाय चैन कशी पडणार?

खालच्या कप्प्यात, अगदी मागे, काचेची एक बरणी निघाली. आत करड्या रंगाचा लगदा, वर बोटभर काळपट पाणी आणि झाकण उघडताच नाकाचे केस जळावेत असा आंबट वास. बरणीवर ना नाव, ना तारीख. खात्यात निरीक्षकांचं एक वाक्य प्रसिद्ध होतं: "तारीख नाही तो माल नाही." या वाक्यापुढे भल्याभल्या हॉटेलवाल्यांनी हात टेकले होते, तिथे बरणीची काय कथा! त्यांनी लगदा सिंकमध्ये ओतला, वरून उकळतं पाणी सोडलं आणि बरणी तीनदा घासून अशी लख्ख केली की तिच्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. चेहरा समाधानी होता.

साडेचारला बायकोचा फोन आला.

"जेवलात ना वेळेवर? बरं, फ्रीजमधल्या खमिराला आज खायला घाला. दोन चमचे पीठ, दोन चमचे पाणी. वर काळं पाणी आलं असेल, घाबरू नका. भूक लागली की येतं ते."

निरीक्षकांनी सिंककडे पाहिलं. "फ्रीजमधल्या?"

"निघताना सांगितलं की! बाहेर ठेवलं तर रोज दोनदा बघावं लागतं, ते तुम्हाला झेपायचं नाही, म्हणून फ्रीजमध्ये ठेवलंय. पेपर वाचता वाचता 'हं' म्हणालात ना?"

"हं," निरीक्षक म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते स्टुलावर मटकन बसले. खमीर म्हणजे तसं पाहिलं तर आंबवलेलं पीठ आणि पाणी. ते मळलेल्या कणकेत घातलं की पाव फुगतो, आणि थोडं बाजूला काढून खायला घालत राहिलं की वर्षानुवर्षं जगतं. पण या घरातलं खमीर सासूबाईंनी जाण्याआधी दोन महिने स्वतःच्या हाताने लेकीला दिलं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. बायको ऑफिसला दांडी मारेल, पण खमिराला उपाशी ठेवणार नाही. दर रविवारी पाव भाजायला ठेवला की ती ओव्हनच्या काचेसमोर मांडी घालून बसायची आणि पाव वर येताना पाहून म्हणायची, "आईच्या हातचं एवढंच उरलंय हो माझ्याकडे." आणि तेवढंच निरीक्षकांनी उकळत्या पाण्यासकट गटारात पोचवलं होतं. त्यांना खरोखर रडू आलं.

मग एकदम त्यांना आठवलं: बायकोने हे खमीर तिघींना दिलं होतं. मुलगी सासरी पाठवावी तसं, डोळे पुसत, हजार सूचना देऊन. म्हणजे सासूबाईंचा वंश अजून या गल्लीत नांदत होता! निरीक्षकांनी लख्ख बरणी पिशवीत घातली आणि आधी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची बेल वाजवली.

"खमीर ना? वा! एकदम छान चाललंय," बाई म्हणाल्या.

"थोडं मिळेल का? चमचाभरच."

डॉक्टरीणबाईंनी मागे वळून पाहिलं, बाहेर येऊन दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? दुसऱ्याच आठवड्यात हिरवं पडलं ते. ताईंना सांगायचा धीर होईना. त्या पाव चाखायला आल्या तेव्हा मी कोपऱ्यावरच्या बेकरीतला ठेवला पुढ्यात."

"मग? ओळखला तिनं?"

"डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाल्या, 'अगदी आईची चव उतरलीय.'"

निरीक्षक पुढच्या इमारतीत शिवणवाल्या ताईंकडे गेले. ताईंनी आढेवेढे घेतले नाहीत. पायाने मशीन चालवता चालवताच त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

"ते काय, तिथं आहे तुमचं खमीर. दीर आले होते, त्यांना वाटलं खळ आहे. त्यांनी कॅलेंडर चिकटवलं."

"पण हे तर गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे."

"निघेल तेव्हा बदलेन ना! बायको तुमची खमीर लई जोरदार करते बघा."

निरीक्षकांनी कॅलेंडरचा कोपरा नखाने खरवडून पाहिला. "थोडं निघालं तर..."

"खरवडा की. पण सोबत भिंत येईल."

राहता राहिल्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. त्यांच्या ओट्यावर, कापडाखाली, खमिराची बरणी बुडबुडे सोडत आनंदात बसली होती. ती पाहताच निरीक्षकांच्या जिवात जीव आला. सगळा गुन्हा त्यांनी एका दमात कबूल केला आणि हात जोडले.

"बाई, फार उपकार होतील. सासूबाईंच्या हातचं ते एवढंच उरलंय हो."

बाईंनी मुकाट्याने दोन चमचे खमीर त्यांच्या बरणीत घातलं. त्यांनी खरं तर तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण चाळीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाला समोरची चूक तशीच सोडवत नाही.

"सासूबाईंच्या हातचं नाही ते," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुमच्या मिसेसनी मला दिलेलं पहिल्या महिन्यातच गेलं. हे मी माझं नवं केलं. पीठ, पाणी, आठ दिवस. त्यात काही विद्या नाही."

निरीक्षकांचा चेहरा पडला. "मग नको. तिच्या लगेच लक्षात येईल."

"कसं येईल? दोन वर्षांपूर्वी तीही इथूनच घेऊन गेली." बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "उबेला म्हणून बरणी ओव्हनमध्ये ठेवली होती आणि विसरून ओव्हन पेटवला. अशीच उभी होती, तुमच्याच जागी. फार रडली हो. मला शप्पथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. तुम्हाला तर मुळीच नाही."

"मग आता सांगितलंत ते?"

"तुम्ही चुकीचं बोलत होतात," बाई म्हणाल्या.

परत येताना निरीक्षक दोनदा रस्त्यात थांबले. दोन वर्षं दर रविवारी त्या ओव्हनसमोर ती मांडी घालून बसते आहे, तेच वाक्य म्हणते आहे, आणि आपण पावाची दुसरी लादी मागत बसलोय. खोटं लेबल दहा फुटांवरून ओळखणारा माणूस म्हणून खात्यात त्यांचा लौकिक होता. आधी त्यांना हसू आलं, मग थोडा राग आला, आणि घर येईपर्यंत दोन्ही ओसरून नुसतीच बायकोची आठवण यायला लागली.

रविवारी दुपारी बायकोने पिशवी खाली ठेवायच्या आत फ्रीज उघडला. बरणी हातात घेतली, फिरवून पाहिली.

"बरणी कुणी धुतली?"

निरीक्षकांनी रात्रभर घोकलेली थाप घशातच राहिली. "मी. आतलं खराब झालंय असं वाटलं गं मला. टाकून दिलं."

"टाकून दिलं? मग यात काय आहे?"

"मुख्याध्यापिकाबाईंकडून थोडं आणलं."

बायकोच्या चेहऱ्याचा रंग उतरला. ती हळूच खुर्चीवर बसली. खमिरापेक्षाही मोठं काहीतरी हातून निसटल्यासारखी ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"त्या... काही म्हणाल्या का?"

"म्हणाल्या की."

"काय?"

"रोज खायला घाला म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?"

बायकोने मोठा श्वास घेतला. रंग परत आला, आणि रंगाबरोबर आवाजही. "अहो, काय हे! अकरा वर्षं जपलं मी ते! पोटच्या पोरासारखं! एक दिवस, एक दिवस नजरेआड होऊ दिलं नाही, आणि तुम्ही ओतून मोकळे? आईला काय तोंड दाखवू मी?" ती अर्धा तास बोलत होती. पेपर वाचत 'हं' म्हणायच्या सवयीपासून मधुचंद्राला विसरलेल्या छत्रीपर्यंत सगळं निघालं. निरीक्षक मान खाली घालून उभे होते. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे बिनतोड उत्तर होतं, आणि ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

शेवटी ती दमली. परातीत पीठ काढता काढता म्हणाली, "झालं ते झालं. पण हे कुणाला कळता कामा नये हं. लोकांच्या लेखी हे आईचंच."

"आईचंच आहे ते," निरीक्षक म्हणाले, आणि त्यांनी ओव्हन उघडून आत काही राहिलेलं नाही ना ते पाहिलं.