ठासणी, एक नग

निवडणुकीची आचारसंहिता लागली की त्या तालुक्यातल्या लोकांना बंदुकीबरोबर बंदुकीचे शब्दही पोलीस ठाण्यात जमा करावे लागत. बंदुका जेमतेम साठ होत्या, रानडुकरं आणि वानरं हाकायला परवान्यावर घेतलेल्या. शब्द मात्र घरोघरी होते, त्यामुळे मोठी रांग शब्दांचीच लागे.

शब्द घ्यायचं काम हवालदार शालन तांबे यांच्याकडे होतं. त्या वर्षातली ही तिसरी निवडणूक होती. घ्यायचे, कपाटात लावायचे, परत द्यायचे आणि पुन्हा घ्यायचे, यातच शालनताईंचं वर्ष गेलं होतं. उभं राहून राहून संध्याकाळी त्यांचे पाय सुजत.

पद्धत सोपी होती. माणसाने स्टीलच्या डब्यात तोंड घालून शब्द एकदाच, स्पष्ट म्हणायचा. शालनताई लगेच झाकण लावत, नावाची चिठ्ठी बांधत आणि पावती फाडत. मग निकाल लागेपर्यंत तो शब्द त्या माणसाच्या तोंडून निघत नसे. त्या जागी नुसती हवा येई.

अर्जात ‘समानार्थी शब्द’ आणि ‘इतर अर्थ’ असे दोन रकाने होते. नुसती ‘बंदूक’ घेऊन आलेल्याला रायफल, पिस्तूल आणि तमंचा आणायला माघारी पाठवत. इतर अर्थ असले तरी सूट नव्हती. ‘चाप’ जमा केलेल्या बायका दुकानात ‘केसांना लावायचं ते’ मागत. ‘गोळी’ जमा केलेली माणसं औषधवाल्याला ‘तापावरचं, पांढरं, वाटोळं’ असं सांगत. ‘घोडा’ बंदुकीलाही असतो, म्हणून पहिलीच्या बाई त्या चित्रापाशी आल्या की पान उलटत. कुणी तक्रार करत नसे.

चौथ्या दिवशी यशवंत घाडी आले. वय अठ्ठ्याहत्तर. बंदूक त्यांनी कालच दिली होती, शब्द आज आणले होते. रांगेत त्यांचा नंबर आला तरी ते डब्यात तोंड घालीनात.

“काका, म्हणा लवकर. मागे बघा किती लोक आहेत.”

“बाय, सगळे घे. ह्यो एक माझ्याकडे ऱ्हवांदे.”

“कुठला?”

“ठासणी.”

शालनताईंनी यादी पाहिली. ठासणीची, म्हणजे नळीत वरून दारू ठासून भरायची जुनी बंदूक. अठराव्या क्रमांकावर होती. “नाही जमायचं, काका.”

“ह्यो ठेवून गेलंय तर म्हातारी जेवूची नाय.”

मागून कुणीतरी ओरडलं, “ओ घाडीनू, घरची गाऱ्हाणी घराक सांगा!”

घाडीकाका हलले नाहीत. त्यांची बायको भागीरथी चार वर्षांपासून कुणाला ओळखत नव्हती. रोज दुपारी ताट पुढे ठेवलं की ते तिला एकच गोष्ट सांगत. भाताच्या कोपऱ्यात डुक्कर आलं, मी ठासणी उचलली. एवढं झालं की ती विचारी, “आणि बार कोणी काढल्यान?” ते म्हणत, “तू काढलंस.” मग ती हसे आणि तोंड उघडे.

“गेल्या येळेक ती पेजेच्या पाण्यार ऱ्हवली, वर तुमी माका दुसऱ्याच कोणाचो शब्द दिलात,” ते म्हणाले. “‘रायफल’ म्हटलंय तर तिना दोन दिस तोंड उघडल्यान नाय.”

ती चूक शालनताईंचीच होती. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. त्या उठून साहेबांकडे गेल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

“सूट फक्त बँकेच्या राखणदाराला आणि पोलिसांना,” साहेब फाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले. “आणि त्या बाईंचे शब्द?”

“ज्यांची आठवण गेली त्यांचे घेत नाही, सर. पावतीवर सही कोण करणार?”

“बरोबर.”

“सर, मी पोलीस आहे. रोज दुपारी जाऊन तो शब्द मी म्हणून आले तर?”

“जेवू घालणं सरकारी काम आहे का?”

“जेवल्या नाहीत तर ते आपल्याच डायरीत येईल, सर.”

साहेबांनी थोडा विचार केला. “जाताना-येताना नोंद करा.”

घाडीकाकांनी ‘ठासणी’ जमा केली. शालनताई रोज साडेबाराला टोपी घालून त्यांच्या घरी जाऊ लागल्या. दारात उभं राहून त्या वाट बघत. काका गोष्ट सांगत, त्या जागेवर आले की तोंड उघडत, हवा येई आणि शालनताई म्हणत, “ठासणी.”

“आणि बार कोणी काढल्यान?” भागीरथीकाकू विचारी.

पहिले काही दिवस ती नवऱ्याकडे बघून विचारत होती. नंतर दाराकडे बघून विचारू लागली. डायरीत मात्र रोज एकच ओळ होती : शब्दाचा शासकीय वापर, एक वेळ.

पंचेचाळीस दिवसांनी निकाल लागला. शालनताईंनी चिठ्ठी दोनदा वाचून घाडीकाकांना त्यांचा डबा दिला. त्यांनी झाकण उघडून कान लावला, शब्द ओळखला आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला ते परत आले. डबा हातात होता.

“चुकीचा आला का, काका?” शालनताईंनी विचारलं.

“नाय, माझोच आसा. म्हटलंय मी तो, चार वेळा म्हटलंय.” ते बाकावर बसले. “ती दाराकडे बघीत ऱ्हवली. माझ्याकडे बघूकच नाय. घास तसोच ऱ्हवलो.”

काकांनी डबा टेबलावर ठेवला.

“जमा करून घे, बाय.”

“आता आचारसंहिता नाही, काका.”

“लागात परत.”

ते खरं होतं. ग्रामपंचायतीच्या तारखा आल्याच होत्या. शालनताईंनी डबा पुढे सरकवला. काकांनी त्यात तोंड घालून शब्द म्हटला, नेहमीपेक्षा थोडा सावकाश. झाकण लागलं. पावतीवर शालनताईंनी लिहिलं : ठासणी, एक नग, स्वेच्छेने.

मग त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि सुजलेले पाय बुटात घातले. साडेबारा वाजत आले होते.

“चला काका,” त्या म्हणाल्या, “भात निवेल.”