सोळा घड्यांचं मत

मतदानाला सकाळी लवकर जाऊन यायचं, एवढंच अनिसेतो तायरोने ठरवलं होतं. यात त्याने कुणाचं घोडं मारलं होतं? पण आमच्या चाकापाम्पा गावात मतदानाला लवकर जाणं आणि सापाच्या बिळात हात घालणं यांत फारसा फरक नाही. मतदानाच्या टेबलावर दिवसभर बसायला चिठ्ठ्या टाकून तिघांची नावं काढतात, आणि त्यांतला कुणी उगवला नाही तर रांगेतल्या पहिल्या माणसाला धरून बसवतात. नाही म्हटलं तर दंड. म्हणून सात वाजता शाळेचं फाटक उघडतं तेव्हा शे-दीडशे माणसं कोपऱ्यावरच्या भिंतीआड थांबून एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत असतात. (एरवी बसमध्ये शिरताना हीच माणसं म्हाताऱ्या बायांना कोपराने ढकलतात.)

अनिसेतोला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण एका भीतीने माणसाला धरलं की दुसरी दिसत नाही, आणि अनिसेतोला धरणारी भीती साधीसुधी नव्हती. राष्ट्राध्यक्षपदाच्या शेवटच्या फेरीत दोनच उमेदवार उरले होते, एकाचं चिन्ह किटली, दुसऱ्याचं शिडी. आणि अनिसेतोने आपलं एकुलतं एक मत दोघांनाही देऊन टाकलं होतं.

किटली त्याच्या घरातली. त्याची बायको एर्मेलिंदा रोज पहाटे चौकात मोठ्या किटलीतून गरम उकाळा विकते. त्या उमेदवाराने तिच्याच पोटापाण्याचं साधन निशाणी म्हणून निवडलं, तेव्हा तिला वाटलं, देशाने आपल्याला हाक मारली. शिडी होणाऱ्या व्याह्यांच्या घरातली. पोर्फिरिओ ब्यांगा, बटाट्याचे व्यापारी, मालकीचा ट्रक. त्यांच्या एदिल्बेर्तोशी अनिसेतोच्या नोएमीचं लग्न ठरलं होतं, मतदानानंतरच्या शनिवारी. व्याह्यांनी महिनाभर घरात किटली चुलीवर चढू दिली नव्हती, पाणी भगुण्यात उकळायचे. आणि एर्मेलिंदाने नवऱ्याची शिडी अंगणात हाकलून तिच्यावर ताडपत्री टाकली होती. शिडीवरच तर तो पोट भरतो. अनिसेतो भिंतीवर अक्षरं रंगवणारा रंगारी. गावातल्या सगळ्या किटल्या त्याच्या हातच्या आणि सगळ्या शिड्याही त्याच्याच हातच्या. प्रत्येक भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात तो एक पाय वर उचललेली इवलीशी चिमणी काढायचा, तीच त्याची सही. शिडीच्या सोळाव्या पायरीवर त्याचा हात कधी कापला नाही. जमिनीवर मात्र कुणी आवाज चढवला की त्याचा धीर सुटे. मांजराने भांडं पाडलं तरी "माझं चुकलं" म्हणणारा माणूस तो.

लग्नाची तारीख ठरवायला दोन्ही घरं जेवायला बसली, तिथेच ठिणगी पडली.

"व्याहीबुवा, शिडीवर चढणारा वर जातो खरा," एर्मेलिंदा बटाटे वाढता वाढता म्हणाली, "पण खाली उभं राहणाऱ्यांना त्याचं काय दिसतं? बूड!"

"आणि किटलीचं काय हो, विहीणबाई?" व्याही म्हणाले. "तोंड हे एवढं लांब. पोटात डोकावलं तर नुसती वाफ."

"त्या वाफेवर माझी पोर शिकली."

"अन् माझा पोरगा काय उकाळ्यावर ट्रक चालवायला शिकला?"

मग दोघांनी एकदम अनिसेतोकडे पाहिलं. अनिसेतोने तोंडात एक अख्खा बटाटा कोंबला. भरल्या तोंडाने मत देता येत नाही.

पण बटाटा किती दिवस पुरणार? दुसऱ्याच दिवशी बायकोने त्याला गाठलं. "नोएमीची शपथ घे. किटली."

"अगं एर्मे, मत गुप्त असतं."

"नवऱ्याचं बायकोपासून काय गुप्त असतं? तू झोपेत बोलतोस."

त्याने शपथ घेतली. चार दिवसांनी तो भिंतीवर शिडीचं चित्र काढत असताना खाली व्याह्यांचा ट्रक थांबला.

"व्याही, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही," पोर्फिरिओ खिडकीतून म्हणाले. "एक मत मागतोय. शब्द द्या. नाहीतर शनिवारी तुमची पोरगी चर्चमध्ये एकटी उभी राहील आणि माझा पोरगा माझ्याबरोबर बटाटे घेऊन बाजाराला जाईल."

"अहो, असं काय करता, शिडीलाच ना!" अनिसेतो वरून ओरडला. ओरडल्यावर त्याला आपण काय ओरडलो ते कळलं.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. झोपलो आणि शिडीचं नाव निघालं तर? जागा राहिलो आणि तोंड बघून बायकोने ओळखलं तर? नोएमी पांढऱ्या कापडाला टाके घालत समोर बसलेली असे. "बाबा, तुम्हाला बरं वाटत नाही का?" असं तिने विचारलं की तो ब्रश धुवायला उठायचा. आपल्या एका 'हो'ने हिचं लग्न मोडलं तर? या विचाराने तो परसात जाऊन एकदा खरोखर रडला. मतदानासाठी दारूबंदी लागल्यामुळे प्यायलाही काही नव्हतं.

म्हणून तो पहाटे, कुणाच्या डोळ्यांना डोळा न देता, एकटाच निघाला. झटकन जायचं, काय ते करायचं आणि घरी येऊन आजारी पडायचं.

फाटक उघडलं. टेबलावरची एकच जण हजर होती, औषधाच्या दुकानातली कासिमिरा, छातीशी नियमावली धरलेली. बाकी दोघांपैकी एकाचं पोट बिघडलं होतं आणि दुसऱ्याची आजी वारली होती. (ती दर निवडणुकीला वारते.)

"रांगेत पहिलं कोण?" कासिमिराने विचारलं.

अनिसेतो शेजारच्या माणसामागे लपायला वळला. शेजारी माणूस नव्हता.

"या, तायरो. तुम्ही अध्यक्ष."

गावात आयुष्यभर त्याला कुणी कशाचा अध्यक्ष केलं नव्हतं, आणि केलं ते आज. तिसरा म्हणून एका पावावाल्याला धरून आणलं, तो बसल्याबसल्या पेंगायला लागला. तेवढ्यात दार उघडलं आणि गळ्यात पक्षप्रतिनिधीचं ओळखपत्र अडकवून एर्मेलिंदा आत आली. तिच्यामागे तसंच ओळखपत्र अडकवून पोर्फिरिओ व्याही. दोघांना नेमकं हेच टेबल मिळालं होतं. एक डावीकडे बसली, एक उजवीकडे. अनिसेतोला वाटलं, आपल्याला सुळावर चढवलं असतं तरी इतकी सोय केली नसती.

"अध्यक्षांनी पहिलं मत द्यावं," कासिमिराने नियम वाचला.

एर्मेलिंदाने डोळा मारला. व्याह्यांनी मान डोलावली. अनिसेतो पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला आणि मतपत्रिका उघडून उभा राहिला. एका बाजूला किटली, एका बाजूला शिडी. किटलीवर फुली मारावी तर व्याह्यांना दिलेला शब्द मोडतो, शिडीवर मारावी तर लेकीची खोटी शपथ पडते, आणि तीही लग्नाच्या आठवड्यात. हात असा कापत होता की पेन कागदावर आपोआप ठिपके काढत होतं.

"व्याही, फार वेळ लागतोय!" बाहेरून आवाज आला.

घाबरलेल्या माणसाचा हात सवयीचं काम करतो. अनिसेतोने दोन्ही चिन्हांच्या मधोमध लिहिलं, 'माफ करा. दोघांनाही शब्द दिला आहे.' आणि लिहिता लिहिता, काय आश्चर्य, हात थरथरायचा थांबला. अक्षरं वळणदार उतरली, त्यांना सावली आली, शेवटच्या अक्षराला शेपटी फुटली. बऱ्याच दिवसांत इतकं सुबक काम झालं नव्हतं. मग त्याने कागदाच्या घड्या घातल्या, सोळा, अगदी खोकल्याच्या गोळीएवढा होईपर्यंत, आणि पेटीत टाकला. मत बाद. सुटलो!

संध्याकाळपर्यंत तो खरोखर सुटलेला होता. त्याने लोकांच्या बोटांना शाई लावली, व्याह्यांना पाणी दिलं, बायकोला पंख्याने वारा घातला. मग मतदान संपलं आणि कासिमिराने पुढचा नियम वाचला. "अध्यक्षांनी प्रत्येक मतपत्रिका उघडून मोठ्याने वाचावी आणि सर्वांना दाखवावी."

मोठ्याने? सर्वांना? अनिसेतोने पेटीकडे पाहिलं. आणि त्याच क्षणी त्याला आठवलं की उजव्या कोपऱ्यात आपण चिमणीसुद्धा काढली आहे.

पेटी टेबलावर पालथी झाली. दोनशे सतरा कागद, आणि त्यांत ती गोळी. "किटली," अनिसेतोने वाचलं. "शिडी. शिडी. किटली." प्रत्येक कागद उचलताना तो गोळीला करंगळीने हळूच मागे सारत होता. ढीग उतरत चालला, गोळी तिथेच. एर्मेलिंदा बोटं मोडत होती, व्याही ओठ चावत होते. ऐंशी-ऐंशी झाले, शंभराला शंभर झाले. गिळून टाकावी का? पण मतदारयादीवर सह्या दोनशे सतरा होत्या. एक कागद कमी भरला की पुन्हा मोजणी, पोलीस, आणि पोटात गेलेलं मत बाहेर कसं काढायचं याचाही नियम कासिमिराच्या पुस्तकात असला तर?

"किटली एकशे आठ, शिडी एकशे आठ," कासिमिरा म्हणाली. "तो एक राहिला."

पेंगणारा पावावालासुद्धा जागा झाला. अनिसेतोने एक घडी उलगडली. दुसरी उलगडली. सोळा घड्या उलगडायला किती वेळ लागतो हे त्याला त्या दिवशी कळलं.

"ब... बाद," तो पुटपुटला आणि कागद छातीशी धरला.

"बाद?" दोघं एकदम उभे राहिले. "दाखवा!"

"नियम आहे," कासिमिरा म्हणाली.

कागद टेबलावर आला. एर्मेलिंदाने वाचला, पोर्फिरिओंनी वाचला. मग दोघांची नजर सावकाश उजव्या कोपऱ्यात गेली.

"ही चिमणी माझ्या गोदामाच्या भिंतीवर आहे," व्याही म्हणाले.

"माझ्या उकाळ्याच्या गाडीवरही आहे," एर्मेलिंदा म्हणाली.

अनिसेतोने डोळे मिटले. गेलं, नोएमीचं लग्न गेलं. त्याच्या डोळ्यांसमोर ते पांढरं कापड उभं राहिलं.

"मला शिडीवरून ओरडून सांगितलं होतं, शिडी म्हणून!"

"अन् मला लेकीची शपथ घेऊन किटली!"

"याच्या एका मताने आम्ही जिंकलो असतो!"

"तुम्ही कसे? आम्ही जिंकलो असतो!"

"ते असो. पण विहीणबाई, या माणसाबरोबर तुम्ही सव्वीस वर्षं काढलीत?"

"काढली हो, व्याहीबुवा," एर्मेलिंदाचा आवाज भरून आला. "कुणाला सांगणार? आमटी आवडली का विचारलं तर म्हणतो, तुला काय वाटतं?"

"अरेरे." व्याह्यांनी खिशातून रुमाल काढून तिला दिला. महिनाभर ज्यांनी एकमेकांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं, ते दोघं शेजारी शेजारी बाकावर बसले आणि अनिसेतोच्या भित्रेपणाचे एकेक किस्से काढू लागले. फाटकाबाहेर एर्मेलिंदाची बहीण किटली घेऊन बसली होती. चिन्ह दिसू नये म्हणून शिपायाने दिवसभर त्या किटलीवर घोंगडी टाकली होती, ती निघाली. व्याह्यांनी दोन पेले उकाळा घेतला आणि चांगला आहे म्हणाले.

"मग... शनिवारचं?" अनिसेतोने दारातून चाचरत विचारलं.

"तू गप्प बस!" एर्मेलिंदा म्हणाली.

"होणारच!" व्याही म्हणाले. "पोरीचा त्यात काय दोष? अशा बापाच्या घरातून तिला लवकरात लवकर बाहेर काढायला हवं."

अनिसेतो भिंतीला टेकून मटकन खाली बसला. इतका अपमान आणि इतकं सुख त्याला एकाच वाक्यात कधी मिळालं नव्हतं.

देशात कोण निवडून आलं ते यथावकाश कळलं, पण तोवर चाकापाम्पात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. सगळे अनिसेतोबद्दल बोलत होते. शुक्रवारी मांडवाच्या कमानीवर वधूवरांची नावं रंगवायची होती. अनिसेतो डबे-ब्रश घेऊन हजर झाला, पण आधी नाव कुणाचं, मुलीचं की मुलाचं, हे त्याला विचारायचा धोका विहीण-व्याह्यांनी पत्करला नाही. शेजारच्या गावातून एक तरुण रंगारी बोलावला होता. त्याने कुणालाच न विचारता नावं लिहिली आणि कोपऱ्यात सही म्हणून भलंमोठं मांजर काढलं.

शिडी मात्र अनिसेतोची होती, आणि ती धरायलाही तोच होता. एर्मेलिंदाने किटलीतून पाहुण्या रंगाऱ्याला उकाळा दिला. शिडी जराशी डगमगली तसा तो वरून ओरडला, "ओ मामा, असे इकडून तिकडे काय नाचताय? कुठली तरी एक बाजू धरा!"

खाली व्याही आणि एर्मेलिंदा एकमेकांच्या हातावर टाळ्या देऊन हसायला लागले. आणि अनिसेतोने, सवयीने, वर पाहून विचारलं, "कुठली धरू?"