चौदा करंडक

"मेल्या, चवदा करंडक गावले म्हणतत, आणि घरात एक तरी इलो?" शेवंतीबाईंचा हा प्रश्न कानी पडला, तेव्हा लवू परब उंबऱ्यात बसून बुटांच्या नाड्या सोडत होता.

"कसले करंडक, आये?"

"माका इचारतंस? सगळ्या मुलुंडाक म्हायत आसा! इकलंस की काय?"

घडले होते ते असे. लवू त्या वर्षी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात निवडला गेला होता आणि एका सामन्यात त्याने एकट्याने चौदा वेळा चेंडू टोपलीतून पार केला होता. शाळेतले त्याचे संस्कृतचे गुरुजी भाऊशास्त्री यांनी ही वार्ता प्रार्थनेनंतर मोठ्या अभिमानाने मुलांना सांगितली. परकीय शब्द जिभेवर घेणे शास्त्रीबुवांच्या व्रतात बसत नसे. बास्केट म्हणजे टोपली आणि टोपलीला देववाणीत करंडक, म्हणून ते म्हणाले, "आपल्या लवूने एकाच सामन्यात चौदा करंडक साधले!" शब्द निर्दोष होता. अडचण एवढीच, की मुलुंडच्या लेखी करंडक म्हणजे विजेत्याला मिळणारा चांदीचा चषक.

वस्तुतः तो सामना लवूचा संघ हरला होता. चषक तर राहोच, नंतरचा चहासुद्धा प्रतिपक्षाने पाजला होता.

तेव्हाचे मुलुंड लहान होते. भाताची खाचरे ओलांडून बातमी दुपारपर्यंत घरोघर पोचली. मुख्याध्यापकांनी दशरथ सुताराला काचेचे कपाट करायला सांगितले. रविवारी सत्कार ठरला, आणि करंडक प्रदर्शनासाठी घेऊन यावेत, असा निरोप आला.

लवूचा मित्र माणिक म्हणाला, "त्यात काय यार? भांडीवाल्याकडून तांबे आणू, चिंचेने घासू, झकास मांडू. लांबून कोणाला कळतंय?"

"गुरुजींच्या समोर खोटं? पाय उचलणार नाही रे माझा."

"मग खरं सांग ना!"

"आणि त्यांचं हसं करू?"

पेच होता तो हाच. इंग्रजीचे शिक्षक गुरुजींच्या भाषांतरांवर टपूनच असत आणि गुरुजी तर याच चैत्रात निवृत्त व्हायचे होते. ज्यांनी आपल्याला फी माफ करवून शिकवले, त्यांना शेवटच्या महिन्यात टवाळीचा विषय करायचे? लवूला घास गोड लागेना.

रविवारी पटांगण फुलून गेले. व्यासपीठावर हार घातलेले रिकामे कपाट उभे होते. अध्यक्षांनी विचारले, "कुठे आहेत करंडक?"

लवू उठला. पहिल्या रांगेत गुरुजी पागोटे सावरून बसले होते. त्यांना हात जोडून तो म्हणाला, "मंडळी, करंडक म्हणजे टोपली. गुरुजींचा शब्द अचूक होता, अर्थ आपण चुकलो. मी चेंडू चौदा वेळा टोपलीत टाकला, एवढंच. चषक एकही नाही. सामनाही आम्ही हरलो."

मग अध्यक्षांनी उपरण्याने डोळे टिपले.

"पाहा! चौदा करंडक जिंकून हा मुलगा त्यांना टोपल्या म्हणतो! विनय म्हणतात तो हा!"

टाळ्यांनी पटांगण दुमदुमले. शेवंतीबाई शेजारणीला म्हणाल्या, "पयल्यापासून तसोच तो. काय्येक सांगूचो नाय." त्या दिवसापासून लवू परब हे नाव त्या शाळेत दंतकथा होऊन बसले, पुढे कित्येक वर्षे बढाई मारणाऱ्या पोराला तिथे त्याचाच दाखला मिळत असे.

सभा पांगल्यावर लवूने गुरुजींचे पाय धरले. "चुकलो, गुरुजी. चारचौघांत तुमच्या शब्दाचा खुलासा करावा लागला."

"छे रे! उत्तम केलंस. मी टोपल्याच म्हणालो होतो. लोकांची भाषाच कच्ची, त्याला तू काय करणार?"

लवूचा जीव भांड्यात पडला. निदान एका माणसाला तरी सत्य उमगले होते.

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "पण हरलो म्हणालास ते मात्र अति झालं हो. चौदा टोपल्या साधणारा कधी हरतो? विनय लोकांसमोर ठीक आहे, बाळ. माझ्याशी तरी खरं बोलत जा."