लाल पट्टीतला काटा

सकाळी साडेनऊला सासरेबुवांच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला.

लेकीने तिथल्या तिथे निकाल दिला. दुपारी भंगारवाला येणारच होता. त्याच्यादेखत गाडीने न तापता मैदानाला एक फेरी मारली तर ती राहील, नाहीतर जाईल. सासरेबुवांनी फक्त टपावर हात ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. जावयाला ते बघवेना.

"बाबा, दुपारपर्यंत गाडीचा बर्फ करून देतो," तो म्हणाला.

त्याचा गाड्यांशी संबंध त्या धुण्यापुरताच होता, आत्मविश्वास मात्र गॅरेज उघडण्याइतका. इंजिन निवल्यावर त्याने पाणी पाहिलं. काठोकाठ होतं. पंखा बोटाने ढकलून पाहिला. तो भिंगरीसारखा फिरत होता. मग पाणी अडवणारा थर्मोस्टॅट अडकला असणार असं ठरवून त्याने रेडिएटरचा पाइप सोडवला, थर्मोस्टॅट काढून फेकला, पाइप पुन्हा चढवला. काटा ढिम्म. वैतागून वाकताना तोल गेला आणि तळहात थेट इंजिनावर टेकला. ओरडण्यासाठी त्याने तोंड उघडलं, पण ओरडण्यासारखं काही झालंच नाही. इंजिन थंडगार होतं.

"बाबा, गाडी धडधाकट आहे. काटा खोटं बोलतोय."

जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे पुजाऱ्याला देव नाही म्हणून सांगणं. सासरेबुवांनी जावयाकडे शांतपणे पाहिलं.

"काटा खोटं बोलत नसतो, जावईबापू. त्याला कुणीतरी छळत असतं."

त्यांनी डायल काढून टेबलावर आणली, डोळ्याला भिंग चढवलं आणि जावयाला दिवा धरायला बोलावलं. आत केसाएवढी तार होती, तिच्या टोकाला तीळभर गंज. एरवी चहाचा कप धरताना थरथरणारा त्यांचा हात चिमटा घेताच दगडासारखा स्थिर झाला. फुंकरसुद्धा न घालता त्यांनी गंज उचलला. जावई श्वास घ्यायचं विसरला. बायकोने जेवायला दोनदा हाक मारली, ती त्याला ऐकूच आली नाही. काटा थरारला, हळूच उठला आणि शून्यावर येऊन अदबीने थांबला.

डायल पुन्हा जागेवर बसली, भंगारवाला आला आणि फेरीला जावई चालवायला बसला, शेजारी सासरेबुवा, मागे भंगारवाला. काटा मधोमध चढला. मग उतरू लागला. उतरत उतरत पार तळाला गेला. भंगारवाल्याने मान पुढे काढून विचारलं, की एवढी जुनी गाडी इतकी थंड कशी राहते. सासरेबुवांचा ऊर भरून आला. तिघेही काट्याकडे भान हरपून बघत होते, त्यामुळे समोर काच पांढरी होतेय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. कुणीतरी रस्त्यावरून आरोळी ठोकली, तेव्हा बॉनेटमधून आगगाडीसारखी वाफ निघत होती.

पाइप निसटला होता. दिवा धरायला धावताना त्याची पट्टी आवळायची राहून गेली, हे जावयाला तिथे, घाम पुसताना आठवलं. पाणी मागच्या वळणापर्यंत रस्त्यावर सांडलं होतं. काट्याला कळते ती पाण्याची धग. पाणीच उरलं नाही तर बिचारा काय सांगणार?

"बघा," सासरेबुवा तेवढ्यातही म्हणाले, "त्याला कळलं ते त्याने खरंच सांगितलं."

जावई मान खाली घालून उभा राहिला. भंगारवाला गाडीभोवती एक चक्कर मारून आला. गाडीचा भाव काढायच्या ऐवजी मनगटावरचं घड्याळ सोडून त्याने दोन्ही हातांनी पुढे केलं.

"काका, हे माझ्या वडिलांचं. बंद आहे. सगळे म्हणतात, टाकून दे."

सासरेबुवांनी खिशातून भिंग काढलं.

शेवटची खबर हाती आली तेव्हा गाडी मैदानाच्या कोपऱ्यावर वाफ सोडत उभी होती, बॉनेटच्या त्यातल्या त्यात थंड कडेला रुमालावर घड्याळ उघडं पडलं होतं, आणि लेक निकाल लावायला घरून पायी निघाली होती.